रिकाम्या सुपाची हाक

चौथ्यांदा कोंबडी माझ्या हातातून निसटून उकिरड्यावर जाऊन बसली, तेव्हा ओट्यावरच्या बायकांनी हसू लपवायचं सोडून दिलं. माझ्या एका हातात सुई होती, खांद्याला लसीचा थर्मास होता, त्यातल्या बर्फाचं पाणी होत चाललं होतं, आणि पायातली एक चप्पल कुठं गेली ते मला ठाऊक नव्हतं. बरोबर आलेला आमच्या दवाखान्याचा शिपाई ज्ञानू परीट दगडावर बसून तंबाखू मळत होता. कोंबड्या धरणं आपल्या कामात बसत नाही, असं त्यानं मला वाटेतच सांगून ठेवलं होतं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिलीच नेमणूक झाली होती आणि डोंगरातलं जांभूळखोरे हे गाव माझ्या वाट्याला आलं होतं. कोंबडीच्या पंखाखाली सुई नेमकी कुठं टोचायची याचं चित्र पुस्तकात होतं. ती कोंबडी आधी हातात कशी यावी, याबद्दल पुस्तक गप्प होतं. दर उन्हाळ्यात मानमोडीचा रोग यायचा, कोंबड्या माना वाकड्या करून पडायच्या आणि आठवड्याभरात गावातली खुराडी रिकामी व्हायची. लस त्यावरच होती. पण सुईनंच कोंबड्या मरतात असं गावाचं ठाम मत होतं, आणि माझी धावपळ बघून ते बदलेल अशी काही चिन्हं नव्हती.

शेवटी त्या अंगणाची मालकीण उठली. गजराबाई शेलार. पन्नाशी ओलांडलेली, काटक, एकटी राहणारी बाई. सगळं गाव तिला गजरामावशी म्हणायचं. तिनं आतून सूप आणलं, त्यात मूठभर कण्या घेतल्या, सुपाच्या काठावर बोटांनी दोनदा टकटक केली आणि घशातून हाक काढली. तीऽऽत, तित तित तित. शेवटचा ‘तित’ जरा वर चढवलेला, काहीतरी विचारल्यासारखा. उकिरड्यावरची, कुंपणातली, शेजारच्या परड्यातली, तिची एकूण एक कोंबडी धावत आली. त्याच परड्यात चरणाऱ्या शेजारणीच्या कोंबड्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

मावशी एकेक कोंबडी पंखाला धरून माझ्यापुढं करत गेली. “टोच,” ती म्हणाली. “मेल्या तर तुझ्याच दारात आणून टाकीन.”

एकही मेली नाही. त्या उन्हाळ्यात मानमोडी आली, गाव नेहमीसारखं झोडपून गेली, आणि गजरामावशीच्या अंगणात मात्र कोंबड्या आपल्या नेहमीच्या तोऱ्यात उकिरडा उकरत राहिल्या. पुढच्या खेपेला बायका मला शोधत रस्त्यापर्यंत आल्या. माझं नाव कुणी विचारलं नाही. मी ‘डॉक्टरीण’ झाले. गजरामावशी तेवढी ‘पोरी’ म्हणायची, आणि मी तिच्याकडं कोऱ्या चहाला बसल्याशिवाय गावातून जायची नाही.

अडचण कोंबड्यांची होती. माणसांचं मत बदललं तरी त्यांचं बदललं नव्हतं. थर्मास घेतलेली ही बाई टोचते, हे त्यांनी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. मी पाणंदीत दिसले की अख्ख्या आळीत कलकलाट उठायचा. म्हणून मीच एक दिवस मावशीला म्हटलं, मला तुमची हाक शिकवा. ती इतकी हसली की डोळे पुसायला पदर घ्यावा लागला. मग तिनं खरंच शिकवली. प्रत्येक बाईची हाक वेगळी असते, पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून तीच हाक ऐकतं आणि मरेपर्यंत दुसरीला ओळख देत नाही, हे तिनं मला सांगितलं. तिची हाक तिच्या आईची होती. माहेराहून आणलेल्या चार वस्तूंतली तेवढीच टिकली, असं ती म्हणायची.

चार-पाच खेपा मी तिच्या अंगणात बसून सूप वाजवलं. बाकीच्या कोंबड्या लांबून तमाशा बघायच्या. पहिली आली ती भुंडी. मुंगसानं तिची शेपूट उपटून नेली होती आणि ती परत धड उगवलीच नव्हती, त्यामुळं मागून बघितलं तर ती कोंबडी आहे की गाठोडं हे कळत नसे. ती आली, माझ्याकडं आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्या डोळ्यानं बघितलं, आणि कण्या टिपायला लागली. मला त्या दिवशी झालेला आनंद नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.

“एक ध्यानात ठेव,” मावशी म्हणाली. “सुपात दाना असल्याबिगार ही हाक घालू नगंस. हाक ऐकली की दाना मिळतोय, एवढीच आपली तिच्याशी बोली हाय. रिकाम्या सुपानं बोलवू ने.”

मी हो म्हटलं. मला ते जुन्या बायकांच्या बऱ्याच शास्त्रांतलं एक शास्त्र वाटलं.

तिसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, खाली खोऱ्यातल्या मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्या मरायला लागल्या. नमुने तपासणीला गेले आणि अहवाल आला, बर्ड फ्लू. हा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून आदेश निघाला. पोल्ट्रीभोवती नकाशावर कंपासनं वर्तुळ काढलं गेलं आणि वर्तुळातला प्रत्येक पक्षी नष्ट करायचा ठरला. जांभूळखोऱ्याच्या मधून ओढा जातो. वर्तुळाची रेघ नेमकी त्या ओढ्यावर आली. पलीकडची घरं सुटली, अलीकडची सापडली. गजरामावशीचं घर अलीकडं होतं.

आमचे साहेब डॉक्टर बर्गे हे सरळ माणूस, पण गावांना पुरते ओळखून. बैठकीत ते म्हणाले की लोक कोंबड्या माळ्यावर लपवतात, विहिरीत टोपलीतून सोडतात, पाव्हण्यांकडं पोचवतात. आणि एक जरी राहिली तरी सगळं केलेलं पाण्यात. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, तुमच्या गावाचं काय? मी म्हटलं, “माझ्या गावात एकही कोंबडी लपणार नाही, सर.” दोघं-तिघं हसले. त्या हसण्यानं माझे कान तापले, ते मला अजून आठवतं.

आदल्या संध्याकाळी मी देवळापुढं बायकांना गोळा केलं आणि खरं ते सगळं सांगितलं. भरपाई मिळेल, काही महिन्यांनी नवी पिल्लं मिळतील, पण उद्या एकही मागं ठेवायची नाही. कुणी भांडलं नाही. मी सांगतेय म्हणून भांडलं नाही, हे मला कळत होतं आणि आतून बरंही वाटत होतं. गजरामावशीनं तेवढं विचारलं, “पिल्लंवाली असली तर?”

“पिल्लंवालीसुद्धा, मावशी.”

तिनं मान हलवली आणि उठून गेली.

सकाळी आम्ही पांढरे प्लास्टिकचे पोशाख चढवून गावात शिरलो. चष्मे, मास्क, दुहेरी हातमोजे. कुत्री आमच्यावर भुंकायची सोडून मागं सरत होती. गायरानात खड्डा खणून तयार होता, कडेला चुन्याच्या गोणी रचलेल्या होत्या. बायका डालग्यांत कोंबड्या घेऊन दारांत उभ्या होत्या. एकीनं आपल्या कोंबड्यांना सकाळी सकाळी भिजवलेला हरभरा घातला होता. दुसरीनं कोंबड्याच्या तुऱ्याला हळद-कुंकू लावलं होतं. आमच्या माणसांनी काम भराभर केलं. ते कसं केलं हे मी सांगत बसणार नाही. शिकवलेलं असतं तसं केलं.

गजरामावशीनं आपल्या कोंबड्या स्वतःच्या हातानं काढून दिल्या. डालगं रिकामं झालं. भुंडी त्यात नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी मी चहाला बसले होते तेव्हा भुंडी घराच्या कोपऱ्यात अंड्यांवर बसलेली मी पाहिली होती, म्हणजे आता तिच्यामागं पिल्लं असणार हेही मला ठाऊक होतं.

“सगळ्या झाल्या का, मावशी?” मी विचारलं.

“झाल्या.”

“आणि भुंडी?”

“मुंगसानं नेली,” ती म्हणाली. “शेपूट आदीच नेलं हुतं. आता ऱ्हायलेली बी नेली.”

साहेब मास्कच्या आत हसले. त्यांना ते पटलं होतं. त्यांनी मला पुढच्या घराकडं चला अशी खूण केली आणि ते पाणंदीकडं वळलेसुद्धा. भुंडी अंड्यांवर बसली होती हे त्यांना माहीत नव्हतं, ज्ञानू तोंड उघडणार नव्हता. मी तिथून नुसती चालू लागले असते तर कुणाला कधी काही कळलं नसतं.

मी का थांबले, याची कारणं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. रोग खरा होता, त्यानं माणसं मरू शकत होती. शिवाय बैठकीत दिलेला शब्द होता. दोन्ही कारणं खरी आहेत, पण त्या क्षणी माझ्या मनात त्यातलं एकही नव्हतं. मावशी माझ्या तोंडावर खोटं बोलली, एवढंच मला दिसत होतं. साऱ्या गावानं माझं ऐकलं आणि जिच्या घरी मी लेकीसारखी बसत होते तिनं मला इतरांसारखंच सरकारी माणूस ठरवलं, याचा मला राग आला होता. मी तिला बाजूला घेऊन बोलू शकले असते. मावशी, कुठं आहे ती, आणून द्या, असं म्हटलं असतं तर तिनं दिली असती असं मला आज वाटतं. पण मला तिच्याकडून मागून घ्यायचं नव्हतं. मला तिला दाखवून द्यायचं होतं.

ओट्याच्या भिंतीला खुंटीवर सूप अडकवलेलं होतं. मी ते काढलं. आवाज दबू नये म्हणून नाकावरचा मास्क खाली ओढला. सकाळपासून मीच सगळ्यांना बजावत होते की मास्क काढायचा नाही. सुपाच्या काठावर बोटांनी दोनदा टकटक केली. हातमोज्यामुळं ती नीट वाजली नाही, म्हणून एका हाताचे दोन्ही मोजे काढून परत वाजवली. आणि हाक घातली. तीऽऽत, तित तित तित.

पाणंदीकडं गेलेले साहेब थांबून वळले. गजरामावशी माझ्याकडं बघत होती. तिला काय चाललंय ते साहेबांच्या आधी कळलं होतं. ती ओरडली असती, हातातलं डालगं आपटलं असतं, तरी भुंडी बुजून रानात गेली असती. ती हललीसुद्धा नाही.

गोठ्यामागं पेंढ्याची गंजी होती. तिच्या बुडाशी काहीतरी हललं आणि भुंडी बाहेर आली. तिच्यामागून पिल्लं आली, दोन रंगांची, अजून पंख धड न फुटलेली. पिल्लंवाली कोंबडी परक्या माणसाला पाहिलं की अंग फुलवते, टोचायला धावते. अंगणात पांढऱ्या पोशाखातली पाच माणसं उभी असताना भुंडी त्यांच्या मधून सरळ चालत माझ्या पायापाशी आली. हाक ओळखीची होती, बाकीचं तिनं बघितलं नाही. तिनं जमिनीवर बघितलं. मग मान वर करून, आधी एका डोळ्यानं आणि मग दुसऱ्या डोळ्यानं, माझ्या हातातल्या सुपाकडं बघितलं. सुपात काही नव्हतं.

साहेब पुढं आले. मावशी म्हणाली, “थांबा जरा.” ती आत गेली. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिनं मुठीतल्या कण्या माझ्या हातातल्या सुपात सोडल्या.

“हाक तू घातलीस,” ती म्हणाली. “दाना बी तूच टाक.”

मी कण्या टाकल्या. भुंडीनं पिल्लांना बोलावलं, स्वतः मागं राहून त्यांना आधी खाऊ दिलं आणि मग उरलेलं टिपलं. कुणी घाई केली नाही. साहेब नुसते घड्याळाकडं बघत होते. ज्ञानू परीट भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. खाऊन झाल्यावर मी वाकले आणि भुंडीला उचललं. तिनं एकदाही फडफड केली नाही. अंडी उबवून उबवून तिच्या पोटावरची पिसं झडली होती आणि उघड्या हाताला तिथली कातडी चटका बसावा इतकी गरम लागली. पुढचं काम मी दुसऱ्या कुणाकडं दिलं नाही. पिल्लं ज्ञानूनं गोळा केली.

त्या महिन्याअखेर जिल्ह्याला बैठक झाली. डॉक्टर बर्गेंनी माझं नाव घेऊन तो प्रसंग सांगितला. स्थानिक ज्ञानाचा उपयोग कसा करावा याचं हे उदाहरण आहे, असं म्हणाले. कुणीतरी म्हणालं, मॅडम, करून दाखवा की. मी उठून माइकपाशी गेले, टेबलावर बोटांनी दोनदा टकटक केली आणि दोनशे माणसांपुढं ती हाक घालून दाखवली. सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. मीही हसले. भुंडीची मान पिरगळताना मला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी आज त्या टाळ्या आठवल्या की वाटते. गजरामावशीच्या आईची हाक होती ती.

सहा-सात महिन्यांनी कोंबड्या पाळण्यावरची बंदी उठली आणि सरकारी पिल्लांचे खोके घेऊन मी जांभूळखोऱ्यात गेले. खरं तर ते वाटप मी ज्ञानूवर टाकायचा प्रयत्न करून पाहिला होता. बायकांनी पिल्लं घेतली, जुनं काही काढलं नाही. गजरामावशीनंही घेतली. मी घाईत आहे असं सांगून तिच्या अंगणातून पाय काढता घेतला, आणि तिनंही बस म्हटलं नाही.

पुढं पिल्लांच्या कोंबड्या झाल्या आणि मानमोडीची लस टोचायची वेळ आली. ते काही टाळता येण्यासारखं नव्हतं. ज्ञानूला पाणंदीत थांबवून मी थर्मास घेऊन अंगणात उभी राहिले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. उठली, माझ्यासाठी घोंगडी अंथरली.

“बसा, बाई,” ती म्हणाली.

तीन वर्षांत तिनं मला कधी ‘अहो-जाहो’ केलं नव्हतं. मी बसले. तिनं चहा टाकला, गूळ जरा जास्तच घातला, सगळं पूर्वीसारखं. मी घरून ठरवून आले होते तसं बोलायला लागले. म्हटलं, मावशी, त्या दिवशी माझं चुकलं, पण रोग असा होता की...

“रोगाचं मला ठावं हाय,” ती मध्येच म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. “ती मरायचीच हुती. साऱ्यांच्या मेल्या. म्या लपिवली ती माझी चूक. तुमी घरात शिरून, पेंढा उपसून तिला धरली असती तरी म्या काय बोलले नसते, बाई. पर ती माझ्या आवाजाला आली.”

चहा गार होईपर्यंत मी कप धरून बसले. मग तीच उठली, सुपात कण्या घेतल्या आणि दारात जाऊन थांबली. कोंबड्या लांब कुंपणापलीकडं चरत होत्या, लस टोचायची तर त्यांना बोलवायला हवं होतं. तिनं सूप कमरेला लावलं, पण बोटं काठावर नेली नाहीत. ती माझ्याकडं वळली.

“बाई, तुमी जरा वड्यापल्याड जाऊन हुबं ऱ्हाता का?” तिनं विचारलं. “मला हाक घालायची हाय.”

मी थर्मास तिथंच ठेवला. पाणंद उतरून गेले, दगडांवर पाय ठेवत ओढा ओलांडला आणि तिच्या घराकडं पाठ करून उभी राहिले. ओढ्याला पाणी बेताचंच होतं, त्याचा आवाज काही फार नव्हता. इथंही ऐकू येईल असं मला वाटलं. म्हणून मी दोन्ही हात कानांवर घट्ट दाबून धरले, आणि ज्ञानू मला बोलवायला येईपर्यंत काढले नाहीत.